वकील, नायब आणि मीझान: अफगाण संसद सदस्याची चरित्रनोंद कशी लिहावी

अफगाणिस्तानच्या माजी संसद सदस्य फौजिया कूफी यांच्या वडिलांचा उल्लेख ‘वकील अब्दुल रहमान’ असा केला जातो. मराठी लेखक तो वाचतो आणि निर्धास्तपणे लिहून टाकतो की कूफी या एका वकिलाच्या कन्या आहेत. मीही पहिल्या मसुद्यात तेच लिहिले होते. अफगाणिस्तानातल्या दरी या फारसी भाषेत मात्र ‘वकील’ म्हणजे लोकांनी निवडून पाठवलेला प्रतिनिधी, आणि या उपाधीचा काळ्या कोटाशी काहीही संबंध नाही. पेशव्यांचा दिल्ली दरबारातला वकील, हिंगणे घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले ते पद, हा अर्थ मनात आणला तर अफगाण ‘वकील’ आपल्याला जवळचा वाटू लागतो. आपल्याकडे हा शब्द न्यायालयात जाऊन स्थिरावला, तिकडे तो संसदेत गेला.

विश्वकोशासाठी, वृत्तपत्रासाठी किंवा अभ्यासाच्या टिपणासाठी अफगाण लोकप्रतिनिधीची चरित्रनोंद लिहू पाहणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. ते मुख्यतः २००५ ते २०२१ या काळातल्या संसदेपुरते आहे, कारण माहिती बहुतेक त्याच काळाची मिळते आणि चुकाही त्याच काळाबद्दल सर्वांत जास्त होतात. या कामाची रीत एका वाक्यात सांगता येते: आधी सभागृहाचे नियम समजून घ्यावेत आणि मग माणसाकडे वळावे. कोणत्या निवडणुकीत, कोणत्या प्रकारच्या जागेवर, कोणत्या पद्धतीने हा माणूस सभागृहात आला, हे कळल्याशिवाय त्याच्या कारकिर्दीतल्या एकाही ओळीचा अर्थ लागत नाही.

सभागृह कोणते, ते प्रथम ठरवा

जानेवारी २००४ मध्ये संमत झालेल्या राज्यघटनेने अफगाणिस्तानला दोन सभागृहांची संसद दिली. कनिष्ठ सभागृह म्हणजे वोलेसी जिरगा. त्यात २४९ जागा होत्या, त्यांपैकी २३९ जागा ३४ प्रांतांमध्ये वाटलेल्या आणि १० जागा कुची, म्हणजे भटक्या पशुपालक समाजासाठी. कुची प्रतिनिधीला प्रांत नसे, कारण त्यांच्यासाठी सारा देश हाच एक मतदारसंघ होता. म्हणून त्यांच्या नोंदीत ‘मतदारसंघ’ या रकान्यात जन्मप्रांत लिहू नये. वरिष्ठ सभागृह म्हणजे मेशरानो जिरगा, सदस्यसंख्या १०२. त्यातील एक तृतीयांश सदस्य राष्ट्राध्यक्ष नेमत असे आणि या नेमलेल्यांपैकी निम्म्या महिला असणे घटनेने बंधनकारक होते. उरलेले सदस्य प्रांतिक आणि जिल्हा परिषदांनी पाठवायचे होते. मात्र जिल्हा परिषदांच्या निवडणुका कधी झाल्याच नाहीत, त्यामुळे त्यांचा वाटाही प्रांतिक परिषदांमधूनच भरला गेला.

मराठीत ‘खासदार’ हा एकच शब्द दोन्ही सभागृहांना चालतो आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. २२ ऑगस्ट २०२१ रोजी भारतीय वायुदलाच्या विमानातून काबूलहून दिल्लीजवळच्या हिंडनच्या तळावर आलेल्यांमध्ये अनारकली कौर होनरयार आणि नरेंदर सिंग खालसा हे दोघे होते. बातम्यांच्या मथळ्यांत दोघांनाही एकाच विशेषणात गुंडाळले गेले, पण त्यांचा संसदेतला प्रवेश अगदी वेगळ्या वाटांनी झाला होता. बघलान प्रांतात जन्मलेल्या, पेशाने दंतवैद्य असलेल्या होनरयार यांना २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष हमीद करझाई यांनी वरिष्ठ सभागृहावर नेमले. खालसा कनिष्ठ सभागृहात हिंदू आणि शीख समाजासाठी ठेवलेल्या एकमेव जागेवरून आले. त्या जागेचे एकमेव उमेदवार होते त्यांचे वडील अवतार सिंग. १ जुलै २०१८ रोजी जलालाबाद येथील आत्मघाती हल्ल्यात अवतार सिंग मारले गेले आणि मुलगा उमेदवार झाला. या दोघांबद्दल ‘निवडणूक जिंकून संसदेत गेले’ असे एकच वाक्य लिहिले तर होनरयारांबाबत ते चुकीचे ठरते आणि खालसांच्या घरावर जे कोसळले ते झाकले जाते.

प्रांतिक परिषद ही संसद नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. करझाई यांचे भाऊ अहमद वली हे कंदाहारच्या प्रांतिक परिषदेचे प्रमुख होते, तर दुसरे भाऊ कय्यूम हे २००५ मध्ये त्याच प्रांतातून वोलेसी जिरगात गेले. या दोघांची अदलाबदल झालेली टिपणे मी अनेकदा पाहिली आहेत.

नाव: आडनाव शोधू नका

अफगाण ओळखपत्राला तझकिरा म्हणतात. त्यावर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आजोबांचे नाव असते. आईचे नाव लिहिण्याची मुभा मिळाली ती थेट २०२० मध्ये, स्त्रियांनी चालवलेल्या दीर्घ मोहिमेनंतर. आपल्याकडच्यासारखे पिढीजात आडनाव असेलच असे नाही. अनेक जण मोठेपणी ‘तखल्लुस’ निवडतात. ते टोळीचे असते, गावाचे असते किंवा नुसतेच आवडलेले असते. ‘कूफी’ हे बदख्शान प्रांतातल्या कूफ या भागावरून आलेले आहे, म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर ‘कूफकर’. इराकमधल्या कूफा शहराशी ते जोडण्याचा मोह होतो, कारण अरबी सुलेखनाच्या कूफी शैलीचे नाव आपण ऐकलेले असते, पण इथे तो संबंध नाही. ‘बरकझाई’ हे एका पश्तून टोळीचे नाव आहे. ‘झाई’ म्हणजे वंशज. काबूलमध्ये दोनदा निवडून आलेल्या शुक्रिया बरकझाई आणि हेरातच्या सिमीन बरकझाई या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत आणि केवळ नावावरून त्यांचे नाते जोडता येत नाही. रमझान बशरदोस्त यांचे ‘बशरदोस्त’, म्हणजे मानवाचा मित्र, हे स्वीकारलेले नाव आहे. मलालई जोया यांनीही तालिबानच्या काळात गुप्तपणे काम करताना कुटुंबाला झळ लागू नये म्हणून ‘जोया’ हे नाव घेतले. अशा वेळी ‘जोया घराण्यात जन्म’ हे वाक्य हास्यास्पद तर होतेच, शिवाय ज्या कारणाने ते नाव घेतले गेले ते कारणही पुसून टाकते.

हाजी, अल्हाज, मौलवी, उस्ताद, जनरल, इंजिनियर, डॉक्टर ही नावापुढची बिरुदे नोंदीच्या शीर्षकातून काढून टाकावीत. माहिती म्हणून मात्र ती जपावीत, कारण ‘इंजिनियर’ हे बिरुद माणसाच्या शिक्षणाबद्दल आणि ‘मौलवी’ हे त्याच्या मदरशातील घडणीबद्दल काहीतरी सांगत असते. लेखनाबाबत माझा आग्रह एवढाच असतो की एकदा जे रूप घेतले ते शेवटपर्यंत सांभाळावे आणि मूळ दरी किंवा पश्तो अक्षरे पाहून ते ठरवावे, इंग्रजी रूप पाहून नव्हे. करझाई, घनी ही मराठीत रुळलेली रूपे बदलण्याचे कारण नाही. इतर नावांसाठी दरी वाचू शकणारा माणूस शोधणे फारसे अवघड नाही. पुण्यात गेली अनेक वर्षे अफगाण विद्यार्थी शिकायला येत आले आहेत आणि त्यांच्यापैकी कोणी अर्धा तास दिला तरी नावांचे बहुतेक प्रश्न मिटतात.

तारखा: राशींची मदत घ्या

अफगाण प्रजासत्ताकाचा सारा सरकारी कारभार सौर हिजरी पंचांगावर चालत असे. नवे वर्ष नवरोजला, म्हणजे वसंतसंपाताच्या सुमारास २१ मार्चला सुरू होते. नवरोजपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी हिजरी सालात ६२१ मिळवावेत आणि जानेवारीपासून पुढच्या नवरोजपर्यंत ६२२. गणित सोपे आहे, पण नुसते साल दिलेले असते तेव्हा ते फसवते. एखाद्याचा जन्म ‘१३५४’ असा नोंदलेला असेल तर तो मार्च १९७५ ते मार्च १९७६ यांतला कोणताही दिवस असू शकतो. अशा वेळी ‘१९७५–७६’ असेच लिहावे, एक साल निवडून खोटी निश्चिती आणू नये.

महिन्यांची नावे मराठी वाचकाला सहज लक्षात राहतील अशी आहेत, कारण त्या साक्षात बारा राशी आहेत: हमल म्हणजे मेष, सौर म्हणजे वृषभ, जौझा मिथुन, सरतान कर्क, असद सिंह, सुंबुला कन्या, मीझान तूळ, अकरब वृश्चिक, कौस धनू, जदी मकर, दल्व कुंभ आणि हूत मीन. फक्त हे सायन मोजणीचे महिने आहेत, आपल्या पंचांगातल्या निरयन राशींचे नव्हेत. आपली मकर संक्रांत जानेवारीच्या मध्याला येते, तर तिकडे जदी महिना डिसेंबरच्या २२ तारखेच्या आसपासच लागलेला असतो. २७ एप्रिल १९७८ च्या साम्यवादी उठावाला ‘सौर क्रांती’ म्हणतात ते या दुसऱ्या महिन्यावरून, सूर्यावरून नव्हे. ही चूक मराठीत फार सहज होते, कारण आपल्या कानाला ‘सौर’ म्हटले की सूर्यच दिसतो. वोलेसी जिरगाच्या तीन निवडणुकांच्या तारखा पडताळणीसाठी जवळ ठेवाव्यात: २७ सुंबुला १३८४ म्हणजे १८ सप्टेंबर २००५, २७ सुंबुला १३८९ म्हणजे १८ सप्टेंबर २०१० आणि २८ मीझान १३९७ म्हणजे २० ऑक्टोबर २०१८. इराणी पंचांग हेच असले तरी महिन्यांची नावे निराळी आहेत. इराणी संकेतस्थळावरून घेतलेल्या तारखेत ‘शहरीवर’ दिसला तर तो सुंबुला समजावा.

जन्मतारखेबाबत आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. जुन्या तझकिऱ्यांवर पुष्कळदा जन्मदिवस नसतोच, अमुक साली वय इतके एवढेच लिहिलेले असते. पुढे पारपत्र काढताना १ जानेवारी ही तारीख घातली जाते. १ जानेवारीला जन्मलेले इतके अफगाण नेते पाहून कोणाला योगायोग वाटला तर तो योगायोग नाही. घटनेच्या अटी इथे चाळणीसारख्या वापरता येतात: वोलेसी जिरगाच्या उमेदवाराचे वय किमान २५, मेशरानो जिरगाच्या सदस्याचे ३५ आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचे ४० असायला हवे होते. १९७५ मध्ये जन्मलेल्या कूफींनी २०१४ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवण्याचा मानस जाहीर केला होता. ती निवडणूक ५ एप्रिल २०१४ ला झाली. वजाबाकी केली की या दोन विधानांमधला ताण लगेच दिसतो, आणि प्रत्यक्षात त्या निवडणुकीच्या अंतिम यादीतल्या ११ उमेदवारांत एकही महिला नव्हती. म्हणून ‘राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार’ असे न लिहिता ‘उमेदवारीचा मानस जाहीर केला’ असेच लिहावे.

जागा मिळाली कशी?

चरित्रनोंदीचा खरा कणा हाच आहे, आणि नेमका हाच भाग एका क्रियापदात उरकला जातो: ‘निवडून आले’. अफगाण निवडणुकीत संपूर्ण प्रांत हा एक बहुसदस्यीय मतदारसंघ असे आणि प्रत्येक मतदाराला एकच मत असे. ते मत पक्षाला नव्हे, व्यक्तीला द्यायचे होते आणि जास्त मते पडलेले तितके उमेदवार क्रमाने निवडून येत. जादा मते मित्र-उमेदवाराकडे वळत नसत. काबूल प्रांताला ३३ जागा होत्या आणि २०१८ मध्ये तिथे ८०० हून अधिक उमेदवार उभे होते. मतपत्रिका ही एखाद्या वृत्तपत्रासारखी अनेक पानी होती आणि वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक नावापुढे चिन्ह छापलेले होते. चिन्हेही पुरेनात, तेव्हा कुणाला दोन सिंह, कुणाला तीन अशी वाटणी झाली.

या पद्धतीचे परिणाम थेट चरित्रात उतरतात. पहिला परिणाम असा की मतांची टक्केवारी लहान असते आणि ती पाहून आपण चकतो. मलालई जोया यांना २००५ मध्ये फराह प्रांतात ७ टक्क्यांच्या थोडी वर मते पडली. मराठी वाचकाला हे अनामत जप्त झाल्यासारखे वाटेल, पण त्या प्रांतातल्या सर्व उमेदवारांत, पुरुष धरून, त्या दुसऱ्या क्रमांकावर होत्या. म्हणून टक्केवारीपेक्षा क्रमांक आणि प्रांतातल्या एकूण जागा द्याव्यात: ‘पाच जागांच्या फराहमध्ये दुसऱ्या क्रमांकाने’. दुसरा परिणाम महिलांच्या जागांबद्दल आहे. सभागृहातल्या ६८ जागा महिलांसाठी राखीव होत्या आणि त्या प्रांतवार वाटलेल्या होत्या. काबूलच्या ३३ पैकी ९, बदख्शानच्या ९ पैकी २. ज्या महिलेला खुल्या क्रमवारीत जागा मिळाली नसती तीही राखीव जागेमुळे आत येऊ शकत असे. त्यामुळे ‘राखीव जागेवरून’ हे शब्द प्रत्येक महिला सदस्याला सरसकट चिकटवणे अन्यायाचे आहे. जोयांना ती कुबडी लागलीच नव्हती. अधिकृत निकालपत्रात सर्व उमेदवारांची मते क्रमाने असतात. ते पाहून महिला सदस्याचा क्रमांक मोजावा आणि मगच ठरवावे. पंधरा मिनिटांचे काम आहे, पण फार थोडे लोक ते करतात.

पक्षाचा रकाना बहुतेकदा रिकामा ठेवावा. नोंदणीकृत पक्ष होते, पण ही पद्धत व्यक्तीभोवती फिरणारी होती आणि बहुसंख्य सदस्य स्वतंत्र म्हणून उभे राहत. सदस्याची निष्ठा पाहायची असेल तर सोव्हिएत फौजांविरुद्ध लढलेल्या जुन्या मुजाहिद संघटनांशी असलेले नाते, टोळी, प्रांत आणि सभागृहातल्या महत्त्वाच्या मतदानांतला कल पाहावा. डिसेंबर २००५ मध्ये सभापतिपदासाठी युनुस कानूनी आणि अब्दुल रसूल सय्याफ यांच्यात झालेली लढत १२२ विरुद्ध ११७ अशी सुटली. त्या दिवशी कोण कोणाकडे होते हे एखाद्या सदस्याबद्दल कळले तर पक्षाच्या नावापेक्षा जास्त कळते.

आता २०१० च्या निवडणुकीविषयी, कारण तिने चरित्रकारांना सर्वांत जास्त फसवले आहे. मतदान १८ सप्टेंबरला झाले, सुमारे १३ लाख मते बाद ठरली, काही विजयी उमेदवार अपात्र ठरले. करझाई यांनी विशेष न्यायालय नेमले. त्या न्यायालयाने जून २०११ मध्ये ६२ सदस्य बदलावेत असा निर्णय दिला आणि अखेर ऑगस्ट २०११ मध्ये निवडणूक आयोगाने ९ सदस्य बदलले. म्हणजे २०१० मध्ये ‘हरलेले’ काही जण पुढच्या वर्षी सदस्य झाले आणि ‘निवडून आलेले’ काही जण सात-आठ महिन्यांत बाहेर पडले. वर ज्यांचा उल्लेख केला त्या सिमीन बरकझाई या बाहेर पडलेल्यांपैकी एक. त्यांनी काबूलमध्ये उपोषण केले. त्यांच्या नोंदीत ‘सदस्य, २०१०–२०१८’ असे यंत्रवत लिहिले तर त्या उपोषणाचे कारणच नाहीसे होते. त्याच निवडणुकीत गझनी प्रांताच्या सर्व ११ जागा हजारा या वांशिक समाजाच्या उमेदवारांना मिळाल्या. याचा अर्थ गझनीत सगळे हजारा राहतात असा मुळीच नाही. असुरक्षिततेमुळे पश्तून भागांत मतदान जवळजवळ झालेच नाही. तिथून आलेल्या सदस्याबद्दल लिहिताना हे एक वाक्य घातलेच पाहिजे, त्याला कमीपणा आणण्यासाठी नव्हे, तर पुढे सभागृहात त्याच्या वैधतेवर झालेले वाद समजावेत म्हणून.

कार्यकाळ लिहितानाही सरळ पाच-पाच वर्षे मोजू नयेत. २०१० च्या सभागृहाची बैठक जानेवारी २०११ मध्ये सुरू झाली, मुदत २०१५ च्या जूनमध्ये संपली आणि निवडणूक न झाल्यामुळे राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने तेच सभागृह पुढे चालू राहिले. २०१८ च्या निवडणुकीनंतरचे सभागृह एप्रिल २०१९ मध्ये बसले, पण काबूलचे निकाल मे महिन्यापर्यंत लांबले होते. कंदाहारमध्ये मतदान एक आठवडा उशिरा झाले आणि गझनीत झालेच नाही. आणखी एक गमतीचा खड्डा आहे. अफगाण कागदपत्रांत २००५ चे सभागृह ‘पंधरावे’, २०१० चे ‘सोळावे’ आणि २०१८ चे ‘सतरावे’ म्हटले जाते, कारण मोजणी राजेशाहीच्या काळापासून सलग चालत आलेली आहे. ‘सतराव्या सत्राचे सदस्य’ हे वाचून कोणी सतरा वेळा निवडून आला असे समजू नये.

पद आणि काम वेगळे लिहा

सभागृहाच्या कार्यकारी मंडळात रईस, पहिला नायब, दुसरा नायब, मुन्शी (म्हणजे सचिव) आणि नायब मुन्शी असत. ‘नायब तहसीलदार’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला यात काही समजावून सांगण्याची गरज नाही. नियम लक्षात ठेवावा तो मुदतीचा: रईस, म्हणजे सभापती, सभागृहाच्या पूर्ण कालावधीसाठी निवडला जाई, पण नायब आणि मुन्शी यांची निवड एका वर्षासाठी होई. फौजिया कूफी २००५ मध्ये वोलेसी जिरगाच्या दुसऱ्या नायब झाल्या आणि हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. ‘२००५ ते २०१० उपसभापती’ असे लिहिण्याचा आधार मात्र त्यातून मिळत नाही. दर वर्षीच्या निवडीचा स्वतंत्र पुरावा हवा.

कामाबाबत ‘कायदा केला’ हे शब्द फार जपून वापरावेत. महिलांवरील हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००९ मध्ये करझाई यांच्या आदेशाने लागू झाला. तेव्हाच्या घटनेनुसार असा आदेश संसदेने फेटाळेपर्यंत कायदाच असे. महिलाविषयक समितीच्या अध्यक्ष या नात्याने कूफी यांनी १८ मे २०१३ रोजी तो संमतीसाठी सभागृहात आणला. परंपरावादी सदस्यांनी त्यातील तरतुदी इस्लामविरोधी असल्याचा आक्षेप घेतला आणि सभापती अब्दुल रऊफ इब्राहिमी यांनी चर्चा थांबवून विधेयक समितीकडे परत पाठवले. मूळ आदेश लागू राहिला. इथे ‘कूफींनी कायदा मंजूर करून घेतला’ हे खोटे आहे, ‘कूफींचे विधेयक फेटाळले गेले’ हेही खोटे आहे, आणि खरी गोष्ट या दोन्हींपेक्षा जास्त रंजक आहे, कारण विधेयक सभागृहात नेलेच जाऊ नये, नेले तर त्याची मोडतोड होईल, असे म्हणणाऱ्यांमध्ये महिला हक्कांसाठी झगडणाऱ्या अनेक कार्यकर्त्याही होत्या. माझ्या मते त्यांचा इशारा बरोबर होता, पण नोंदीत माझे मत येता कामा नये. दोन्ही बाजू आल्या म्हणजे पुरे.

निलंबन, राजीनामा, अविश्वास या गोष्टीही तारखेनिशी लिहाव्यात. जोया यांना २१ मे २००७ रोजी सभागृहाने निलंबित केले. कारण होते दूरचित्रवाणीवर त्यांनी संसदेबद्दल काढलेले उद्गार. त्यांना ‘काढून टाकले’ असे लिहू नये, निलंबन आणि पद जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत. बशरदोस्त यांनी २००४ च्या डिसेंबरात नियोजनमंत्रिपद सोडले ते सदस्य होण्याच्या आधी, आणि २००९ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत ते तिसरे आले ते सदस्य असताना. हा क्रम उलटला की मंत्रिपद सोडून संसदेत आलेल्या माणसाची गोष्ट संसद सोडून मंत्री झालेल्या माणसाची होते.

पुरस्कारांविषयी एकच सांगतो. ‘नोबेल शांतता पुरस्कारासाठी नामांकित’ हे शब्द नोंदीतून वगळावेत. नामांकनांची नावे पन्नास वर्षे गोपनीय ठेवण्याचा तेथील नियम आहे, त्यामुळे अशा दाव्याला अधिकृत आधार मिळणे शक्यच नसते.

पार्श्वभूमी आणि आत्मकथन

अफगाण सदस्याच्या बालपणाची माहिती बहुधा त्याच्या स्वतःच्या तोंडूनच आलेली असते. कूफींच्या आत्मकथनात त्यांच्या जन्माची जी हकिगत आहे, मुलगी झाली म्हणून तान्ह्या बाळाला उन्हात टाकून दिले गेले आणि ते वाचले, ती वाचताना हात थांबतो. तरीही ती ‘त्या लिहितात की’ या शब्दांनीच द्यावी, कारण तिला दुसरा साक्षीदार नाही. याउलट तालिबानने काबूल घेतल्यावर १९९६ मध्ये मुलींचे विद्यापीठ-शिक्षण बंद झाले आणि वैद्यकशास्त्राचे त्यांचे शिक्षण तुटले, हे सार्वजनिक इतिहासाशी जुळणारे आहे, ते सरळ विधान म्हणून लिहिता येते. व्यक्तीने सांगितलेले आणि काळाने सिद्ध केलेले यांच्यातली ही रेषा प्रत्येक परिच्छेदात सांभाळावी लागते.

युद्धाच्या काळातले वर्तन हा सर्वांत नाजूक भाग आहे. मुजाहिद सेनापती, साम्यवादी राजवटीतील अधिकारी आणि तालिबानमधून बाहेर पडलेले असे सगळेच या सभागृहात शेजारी-शेजारी बसले होते. ‘जिहादी नेता’ हे शब्द अफगाण संदर्भात सोव्हिएतविरोधी लढ्यातला पुढारी या अर्थाने आदराने वापरले जातात, तर मराठी वाचक ते आजच्या बातम्यांच्या अर्थाने वाचतो. म्हणून ‘सोव्हिएतविरोधी लढ्यातील सेनापती’ असे उलगडून लिहावे. गुन्ह्याचा आरोप असेल तर आरोप कोणी केला, न्यायालयात गेला का, हे लिहावे, नाहीतर तो उल्लेखच गाळावा.

१५ ऑगस्ट २०२१ नंतर

त्या दिवशी, २४ असद १४०० रोजी, तालिबान काबूलमध्ये शिरले आणि सभागृह पुन्हा बसले नाही. दारुलअमान रस्त्यावरची संसदेची इमारत भारताने बांधून दिली होती आणि २५ डिसेंबर २०१५ ला तिचे उद्घाटन झाले होते. सदस्य देशोदेशी पांगले. भारताशी जोडलेल्या नोंदी लिहिताना केवळ हिंडनला उतरलेल्या विमानाची आठवण ठेवू नये. त्याच आठवड्यात, २० ऑगस्टला, फार्याबच्या सदस्य रंगीना कारगर यांना दिल्ली विमानतळावरून परत पाठवण्यात आले होते. माजी सदस्य मुरसल नबीझादा काबूलमध्येच राहिल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये स्वतःच्या घरात मारल्या गेल्या. ही घटना समोर ठेवून एक नियम पाळावा: देशात मागे राहिलेल्या नातलगांची नावे, गावातला पत्ता, मुलांची शाळा यांतले काहीही, इतरत्र छापलेले असले तरी, आपल्या नोंदीत घेऊ नये.

सरकारी संकेतस्थळांची जुनी पाने आता मूळ जागी मिळतीलच असे नाही, तेव्हा इंटरनेटवरील संग्रहित प्रती शोधाव्यात आणि सापडलेली प्रत स्वतःकडे उतरवून ठेवावी. २०२१ नंतरच्या सरकारी कागदांवर चांद्र हिजरी तारखा असतात, त्यांना वरचे ६२१-६२२ चे गणित लागू होत नाही.

एवढ्या चाळण्यांमधून गेल्यावर कूफींची नोंद साधारण अशी उरते:

‘कूफी, फौजिया (१९७५– ). अफगाण राजकारणी. जन्म बदख्शान प्रांतात. वडील अब्दुल रहमान हे बदख्शानचे संसदेतील प्रतिनिधी होते. ते मुजाहिदांच्या हातून मारले गेले. काबूलमध्ये वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेत असताना १९९६ मध्ये तालिबानच्या बंदीमुळे ते खंडित झाले. पतीला तालिबानच्या तुरुंगात क्षयरोग जडला व २००३ मध्ये त्यांचे निधन झाले. युनिसेफमध्ये बालसंरक्षणाचे काम केल्यानंतर २००५ व २०१० मध्ये बदख्शानमधून वोलेसी जिरगावर निवड. २००५ मध्ये सभागृहाच्या दुसऱ्या नायब, या पदावरील पहिल्या महिला. महिलाविषयक समितीच्या अध्यक्ष म्हणून मे २०१३ मध्ये हिंसाचारविरोधी आदेश संमतीसाठी मांडला, तो आक्षेपांनंतर समितीकडे परत गेला, आदेश लागू राहिला. १४ ऑगस्ट २०२० रोजी काबूलजवळ झालेल्या गोळीबारात हाताला जखम. सप्टेंबर २०२० मध्ये दोहा येथे तालिबानशी सुरू झालेल्या वाटाघाटींत प्रजासत्ताकाच्या पथकातील चार महिलांपैकी एक, त्या वेळी माजी सदस्य. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस देश सोडला.’